वाई ते धोमचं पाणी: सपाट नाही, पण सोपा

पोरीनं फोनवर सांगितलं होतं, "आप्पा, एकदम फ्लॅट रूट आहे. तुम्हाला काही त्रास होणार नाही." पुण्यात बसून मोबाईलच्या नकाशावर बघितलं तर पसरणीचा घाटसुद्धा फ्लॅटच दिसतो. नकाशा आडवा असतो, रस्ता आडवा नसतो. त्यामुळं पहिल्यांदा हे सांगतो की वाई-धोम-बलकवडी हा रस्ता सपाट नाही. पण सोपा आहे, अगदी माझ्यासारख्या ६२ वर्षांच्या, पोट सुटलेल्या माणसालाही सोपा आहे. सपाट आणि सोपा या दोन गोष्टींत फरक काय, ते खाली सविस्तर येईलच.

हिशेब असा. वाईच्या ढोल्या गणपतीपासून निघायचं, मेणवली, धोम, मग धरणाच्या उत्तर काठानं बलकवडीच्या दिशेनं. माझ्या मीटरवर २१ किलोमीटर भरले की मी वळतो आणि आल्या वाटेनं परत येतो. एकूण ४२. चहा, देऊळ, ओळखीचं माणूस भेटलं तर त्याच्या घरची चौकशी, असं सगळं धरून मला चार तास लागतात. तरणी पोरं पावणेदोन तासांत करतील, पण त्यांनी हे वाचून तरी काय उपयोग?

मी एसटीत ड्रायव्हर होतो. वाई डेपो. नोकरीतली अकरा वर्षं या खोऱ्यातल्या फेऱ्या केल्या, जोर गावची मुक्कामी गाडी धरून. या रस्त्याचं प्रत्येक वळण मला पायाला पाठ आहे, म्हणजे कुठं ब्रेकवर पाय ठेवायचा आणि कुठं दुसऱ्या गिअरवर यायचं ते. पण खरं सांगतो, या अकरा वर्षांत मी धरण बघितलंच नाही. जाताना पाणी डाव्या हाताला असतं आणि ड्रायव्हर बसतो उजवीकडं. मधे इंजिनाचं बॉनेट, बॉनेटवर कुणाचं तरी पोतं, पोत्याला टेकून उभे राहिलेले दोघं. येताना पाणी माझ्या खिडकीखाली यायचं खरं, पण मुक्कामी गाडी पहाटे काळोखात निघायची, तेव्हा खिडकीखाली नुसता अंधार. आणि दिवसाच्या फेरीला तिकडं बघत बसलो असतो तर माझ्याबरोबर मागचे पन्नास जणही पाण्यात गेले असते. निवृत्त झाल्यावर सायकलवर बसलो तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपण एवढ्या मोठ्या पाण्याच्या कडेनं पगार घेत होतो.

सायकल पोरीची. रोड बाईक म्हणतात तसली, वाकड्या हँडलची. तिनं हौसेनं घेतली, मग नोकरीत वेळ मिळेना म्हणून वाईला आणून ठेवली आणि म्हणाली, "गंजण्यापेक्षा तुम्ही चालवा." पहिले आठ दिवस मी ती दाराला टेकवून नुसती बघत होतो. टायर बघून हसू येत होतं. २८ मिलिमीटर! आमच्या गाडीच्या वायपरला याहून जाड रबर असेल. टायरच्या कडेला ११५ पीएसआयपर्यंत हवा चालते असं लिहिलेलं, म्हणून मी इमानदारीत तेवढी भरली आणि पहिल्याच फेरीला तळहात बधिर करून घेतले. प्रत्येक खडा दातापर्यंत जाणवत होता. कमाल म्हणून लिहिलेली हवा म्हणजे भरायलाच हवी अशी हवा नव्हे, हे टायरच्या धंद्यात आयुष्य काढलेल्या माणसाला कळायला हवं होतं. आता मागं ८० आणि पुढं ७५ ठेवतो. माझं वजन ७६ किलो. तुम्ही हलके असाल तर अजून कमी करा. या रस्त्याला ही एक गोष्ट बाकी सगळ्या सामानापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आता रस्ता. सुरुवात मी मुद्दाम गणपतीपासून करतो. १७६२ सालचं देऊळ, सरदार रास्त्यांनी बांधलेलं, आणि त्याची मागची बाजू माशासारखी निमुळती, म्हणजे पूर आला की पाणी कापलं जाऊन दोन्ही अंगांनी निघून जावं. देवाला पाठीमागून बघायची सवय कुणाला नसते, पण सायकलवाल्यांनी एकदा बघून घ्यावं. पुढं धोमच्या अलीकडं जेव्हा समोरचा वारा छातीवर बसतो तेव्हा हा आकार का केला ते आपोआप समजतं. सव्वासहाला निघालो तर गावात फक्त दुधाच्या किटल्यांचा आवाज आणि घाटावर आंघोळीला आलेले दोन-चार जण. साडेसातनंतर निघाल तर शाळेच्या गाड्या, भाजीचे टेम्पो आणि स्टँडकडं तोंड करून पळणारी माणसं. मग सुरुवातीचे दोन किलोमीटर तुम्ही सायकल चालवत नाही, नुसती सावरता.

मेणवली तीन-साडेतीन किलोमीटरवर आहे. इतक्या लवकर थांबायला पाय तयार नसतो, म्हणून मी जाताना थांबत नाही, येताना थांबतो. नाना फडणवीसांचा वाडा, मागं कृष्णेचा अर्धचंद्रासारखा घाट आणि घाटावर देवळाच्या बाजूला टांगलेली ती प्रचंड घंटा. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा आल्या, त्यांतली ही एक. तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळ कडेवर घेतलेल्या मेरीचं चित्र. मेरी महादेवाच्या दारात पावणेतीनशे-तीनशे वर्षं टांगलेली आहे आणि दोघांचीही काही तक्रार नाही. शनिवार-रविवारी मात्र तिथं जाऊ नका. पुण्याच्या गाड्या, लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी, आणि कधी शूटिंगवाल्यांच्या व्हॅन गल्लीत आडव्या लावलेल्या. सायकल उचलून खांद्यावर घ्यावी लागते. एकदा तर एका नवरदेवानं मलाच बाजूला व्हायला सांगितलं, फ्रेममध्ये येतो म्हणून. मी ६२ वर्षं याच फ्रेममध्ये आहे म्हटलं.

मेणवली ते धोम हा टप्पा शेतातून जातो. ऊस, हळद, मधे भाजीपाला. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद शिजवायला काढली की कडेच्या रानातून असा वास येतो की मास्क, गॉगल लावून जाणाऱ्यांची मला कीव येते. उजव्या हाताला पांडवगड. उन्हं त्याच्या अंगावर वरून खाली उतरत येतात आणि तुम्ही अजून सावलीत असता. थंडीत या टप्प्यात हातमोजे लागतात, नुसता स्वेटर घालून भागत नाही. कारखाना सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या भेटतात. ट्रॉलीच्या मागं राहू नका, तिचा ऊस कडेनं हातभर बाहेर आलेला असतो. आणि ट्रॉली दोन असतात हे विसरू नका. पहिली गेली म्हणून सायकल आत घेतली आणि दुसरीनं फटका दिला, असं होतं.

धोम गावात नऊ किलोमीटर होतात. इथं मात्र जातानाच थांबा, कारण पुढं चढ आहे. नृसिंहाचं आणि महादेवाचं देऊळ. महादेवासमोरचा नंदी बघण्यासारखा आहे. नंदीचा दगडी मंडप एका मोठ्या कासवाच्या पाठीवर, आणि कासव कमळाच्या आकाराच्या हौदात. हौदात पाणी असलं की कासव नंदीला घेऊन तरंगतंय असं वाटतं. पाणी नसलं की ते बिचारं नुसतं बसलेलं दिसतं. देवळात शांतता इतकी असते की सायकलच्या बुटांचा टकटक आवाज आपल्यालाच लाज आणतो. मी साधे कॅनव्हासचे बूट घालतो. पोरीचे ते खटका बसणारे पेडल मी पहिल्याच आठवड्यात काढून टाकले, दोन वेळा उभ्या उभ्या आडवा झाल्यावर.

आणि आता तो चढ. 'फ्लॅट रूट' म्हणणाऱ्यांनी साधा विचार करावा. धरणाची भिंत ५० मीटरच्या घरात उंच. गाव भिंतीच्या खाली. पाणी भिंतीच्या पलीकडं, वर. रस्ता पाण्याच्याही वर. मग तेवढं चढल्याशिवाय पाणी दिसेल कसं? सगळ्या ४२ किलोमीटरमध्ये खरा म्हणावा असा चढ हाच, आणि तो दहा मिनिटांत संपतो. सायकलला पुढं दोन चाकं असतील, ५० आणि ३४ दातांची, तर गाव सोडायच्या आधीच बारक्यावर टाका. चढात शिरल्यावर जोर लावत गिअर बदलला की चेन उतरते. माझी उतरली होती. हात काळे झाले आणि मागून येणाऱ्या म्हशी पुढं निघून गेल्या. एसटीत पण हेच शिकवलेलं, घाट लागायच्या आधी गिअर, घाट लागल्यावर नाही. जमत नसेल तर उतरून ढकला, बघायला कोणी नसतं.

वर आलात की डाव्या हाताला पाणी उघडतं.

इथं मला नीट लिहिता येणार नाही, पण प्रयत्न करतो. भिंत जवळजवळ अडीच किलोमीटर लांब आहे, पण वरून बघताना भिंत लक्षातच येत नाही. सगळं लक्ष पश्चिमेला जातं. पाण्याच्या पलीकडं पाचगणीचा कडा, वर सुरीनं कापल्यासारखा सरळ. पाचगणीच्या पारशी पॉइंटवरून पर्यटक दुर्बिणीतून जे निळं पाणी बघतात, ते हे. म्हणजे ते वरून पैसे देऊन तुम्हाला बघतायत. समोर डाव्या अंगाला कमळगडाचा झाडीनं भरलेला माथा, जिथं कावेची विहीर आहे. उजवीकडं डोंगराची रांग, वर केंजळगड. सकाळी ऊन पाठीमागून येतं, त्यामुळं डोळ्यांवर येत नाही आणि आपलीच सावली लांबडी होऊन पुढं पळते. थंडीत पाण्यावर धुक्याचा एक थर असतो, माणसाच्या छातीएवढा, आणि त्यातून बगळे बाहेर येतात. पावसाळ्यात पेपरात रोज धरणसाठ्याचा तक्ता येतो. त्यात धोम १३.५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, असा आकडा मी वर्षानुवर्षं वाचत आलो. तो आकडा म्हणजे काय ते तिथं उभं राहिल्यावर कळलं.

पण प्रामाणिक परीक्षण करायचं तर हेही सांगायला हवं की रस्ता सगळीकडं पाण्याला चिकटून नाही. डोंगरातून ओढा आला की रस्ता आत वळतो, उतार, मोरी, पुन्हा चढ, आणि मग पाणी परत दिसतं. हा खेळ वळेपर्यंत चालतो. कुठलाच चढ मोठा नाही. पण प्रत्येक उतारावर वाटतं की वेग घ्यावा, त्या जोरावर पुढचा चढ फुकटात मारावा, आणि नेमकी मोरीवरच खडी पडलेली असते. ओढ्यानं पावसात आणलेली, नंतर कुणी न उचललेली. २८ मिलिमीटरचं टायर त्या खडीवर साबणावरून गेल्यासारखं जातं. तेव्हा उतारावर वेग सोडा, चढ पायानं चढा. सोपा रस्ता अवघड करायचा असेल तर घाई करावी.

आणि दुसरी गोष्ट, पाणी किती दिसेल ते महिन्यावर आहे. सप्टेंबरअखेर ते डिसेंबर काठोकाठ. मार्चपासून ते मागं सरकायला लागतं आणि मे महिन्यात बऱ्याच ठिकाणी रस्त्याच्या खाली तडकलेली काळी माती, तिच्यात हिरवे पट्टे आणि पाणी लांब कुठंतरी आरशाच्या तुकड्यासारखं. ते हिरवे पट्टे म्हणजे गाळपेर. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक पीक घेतात. फोटोवाल्यांना ते आवडत नाही. मला आवडतं, त्याचं कारण एक म्हातारी.

माझ्या गाडीला ती नेहमी असायची. बाजाराच्या दिवशी वाईला यायची, संध्याकाळच्या गाडीनं परत. खिडकीशी बसायची आणि शेजारी जो कोणी असेल त्याला पाण्याकडं बोट करून सांगायची, "त्या तितं आमचं रान हुतं. चिंच हुती. चिंचंखाली हीर." नवीन कंडक्टर आला की त्यालाही सांगायची. मला आरशात तिचा हात दिसायचा, पाणी नाही. मागच्या मे महिन्यात सायकल घेऊन गेलो तर ती रस्त्याकडेला दगडावर बसलेली. मला हेल्मेटमध्ये ओळखलं नाही. हेल्मेट काढलं तर म्हणाली, "आरं, तू डायवर न्हवं का? आन् गाडी कुटं सोडलीस?"

"हीच गाडी, मावशी."

तिनं सायकलकडं बघितलं. "हिला शिटं किती?"

"एकच."

"मग माजं कसं?" म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली. मग सवयीप्रमाणं हात वर केला, "त्या तितं..." आणि या खेपेला मी तिच्या बोटाच्या दिशेनं बघितलं. पाणी उतरलेलं होतं. चिंच नव्हती, विहीर नव्हती, पण जमिनीचा एक उंचवटा वर आला होता आणि त्यावर कुणाची तरी भाजी हिरवीगार होती. मी तिथं पाऊण तास बसलो. त्या दिवशी मीटरवर सरासरी ताशी ९ किलोमीटर आली, पोरीला दाखवली तर म्हणाली, "आप्पा, चालत गेला होता काय?"

असो. परीक्षणाकडं येतो.

डांबर बऱ्यापैकी आहे, सलग चांगलं नाही. धोमपर्यंत ठीक. पाण्याच्या कडेचा भाग तुकड्यातुकड्यानं. मधेच गुळगुळीत, मधेच ठिगळं, काही ठिकाणी वरचा थर निघून खालची खडी उघडी. सगळ्यात वाईट म्हणजे साइडपट्टी. डांबराची कड आणि कडेची माती यांत काही ठिकाणी वीतभर खड्डा आहे. गाडी आली म्हणून घाबरून एकदम खाली उतरलात तर पुढचं चाक अडकून तोंडावर पडाल. आता हे मी समोरच्या सीटवरून सांगतो, नीट ऐका. रस्त्याच्या अगदी कडेनं चालवू नका, हातभर आत चालवा. कडेनं चालवणारा सायकलवाला मोठ्या गाडीच्या ड्रायव्हरला उशिरा दिसतो, आणि त्याला वाटतं जागा आहे, जाऊ. आत असलात तर तो आधीच ब्रेकवर पाय ठेवतो. मागून हॉर्न आला म्हणजे कोणी शिवी दिली असं नाही. 'मी आलोय' एवढंच त्याचं म्हणणं असतं. हात दाखवा, सरळ चालवत रहा, जागा मिळाली की तो जाईल. आणि वळणावर थांबून पाण्याचा फोटो काढू नका. वळणावर मला, म्हणजे ड्रायव्हरला, तुम्ही दिसत नाही. हॉर्न वाजवूनही तुम्ही हलत नाही, कारण तुमच्या कानात गाणी. कानातलं ते काढून ठेवा. या रस्त्याला वाहनं कमी आहेत, म्हणूनच जे येतं ते बिनधास्त येतं.

पंक्चरची गोष्ट सांगितलीच पाहिजे. परतीच्या वाटेवर बाभळीचा काटा. मी म्हटलं, पंक्चरचं काय, आयुष्यभर बघितली. सायकल ढकलत दुकानापर्यंत आलो. पोरानं ट्यूब काढली, ठिगळ लावलं, चाक बसवलं, सगळं दहा मिनिटांत, हात सफाईदार. मग हवा भरायला गेला तर पाइपचं तोंड बसेना. या सायकलींचा वॉल्व्ह बारीक असतो, वर एक छोटी पितळी घुंडी, ती सैल करून दाबल्यावरच हवा जाते. मोटारसायकलचा पंप त्याला लागत नाही. पोरगं माझ्याकडं बघतंय, मी त्याच्याकडं. शेवटी ओळखीच्या टेम्पोत सायकल टाकून वाईला आलो. म्हणजे ज्या रस्त्यानं मी हजारो माणसं नेली त्या रस्त्यानं स्वतः सामानासारखा परत आलो. त्या वॉल्व्हवर बसणारी पितळी टोपी मिळते, पन्नास रुपयांच्या आत येते, ती खिशात ठेवा. त्याबरोबर एक जादा ट्यूब, टायर काढायच्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि छोटा पंप. आणि घरी एकदा चाक काढून बसवायचा सराव करा. रस्त्यात पहिल्यांदा शिकायची ती गोष्ट नाही. धोमच्या पुढं मोबाईलची रेंज येते-जाते, फोन करून कुणाला बोलवू असं धरून चालू नका.

खाण्यापिण्याचं म्हणाल तर माफक. धोममध्ये चहा-वडा मिळतो. पुढं एका वळणावर पत्र्याची टपरी आहे, तिथली बाई कांदाभजी ऑर्डर दिल्यावरच तळते, आधीची गरम करून देत नाही, हे मला फार भावलं. चहा मात्र फार गोड. "कमी साखर" म्हटलं की ती तेवढाच गोड चहा देते आणि "घाटलीच नाय" म्हणते. टपरी कधी उघडी, कधी बंद, तिच्या शेतातल्या कामावर अवलंबून. त्यामुळं दोन बाटल्या पाणी आणि खिशात चार खजूर किंवा चिक्की घेऊनच निघा. आणखी एक, पोरीनं पहिला प्रश्न हाच विचारला होता. बायकांसाठी वाटेत धड सोय नाही. वाईतूनच उरकून निघावं लागतं. चार तासांच्या फेरीला ही छोटी गोष्ट नाही, आणि या रस्त्याचे माझ्याकडून जे मार्क गेले त्यातला अर्धा याच्यासाठी.

वाऱ्याचं गणित. खोरं पूर्व-पश्चिम आहे. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे जाताना समोर, येताना पाठीला. ऐकायला बरं वाटतं, पण एप्रिलमध्ये चार वाजता निघून बघा. सपाटीवर सुद्धा बारक्या चाकावर यावं लागतं, आणि पाण्यावरून येणारा वारा असून गार नसतो. मात्र वळल्यानंतर जी मजा येते ती वेगळीच. पेडल न मारता ताशी २५, आणि आपण फार मोठे सायकलपटू असल्याचा भास वाईपर्यंत टिकतो. मला सकाळच बरी. सगळ्यात चांगला काळ दसऱ्यापासून होळीपर्यंत. जुलै-ऑगस्टमध्ये धबधब्यांच्या मोहानं येऊ नका. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत या पश्चिम भागात दरडी कोसळल्या, माणसं गेली, रस्ते वाहून गेले. मी तो पाऊस गाडीच्या काचेतून खूप बघितलाय, वायपर चालू असून बॉनेट दिसायचं नाही. तिथं सायकलचं काय काम? पाऊस उघडल्यावर सप्टेंबरमध्येही सावलीच्या वळणांना डांबरावर शेवाळ असतं, तिथं ब्रेक दाबायचा नाही, आधीच हळू व्हायचं. आणि पाण्यात उतरायचा मोह आवरा. काठ दिसतो उथळ, पण गाळात पाय रुतला की निघत नाही.

साताऱ्याहून येणार असाल तर वाई साधारण ३५ किलोमीटर, सायकल गाडीत घालून आणा. तो हायवेचा भाग सायकलवर करण्यात काही मजा नाही. रंगपंचमीला मात्र येऊच नका. त्या दिवशी बावधनच्या बगाडाची जत्रा असते, लाखोंनी माणूस लोटतं, आणि बावधन तुमच्या वाटेवरच आहे. यायचंच असेल तर बगाड बघायला या, सायकल घरी ठेवा.

कुणासाठी चांगला? ज्यांनी नवीन गिअरची सायकल घेतली आहे आणि ४० किलोमीटरचा आकडा एकदा तरी पार करायचा आहे, त्यांच्यासाठी. गुडघ्याच्या डॉक्टरनं सायकल चालवा म्हणून सांगितलंय त्यांच्यासाठी. मुलं बारा-तेरा वर्षांची असतील तर धोमच्या चढापर्यंत आणि वर पाणी दाखवून परत, तेवढंही छान होतं, २० किलोमीटरच्या आत. ज्यांना घाम काढायचाय त्यांना पलीकडं पसरणीचा घाट आहेच, त्यांनी तिकडं जावं आणि वरून आम्हाला हात करावा. पाचापैकी मी साडेतीन देतो. एक साइडपट्टी आणि मोरीवरच्या खडीचा कापला, अर्ध्याचं वर सांगितलं.

दिवाळीला पोरगी येणार आहे. म्हणते, एकत्र जाऊ. सायकल एक आणि माणसं दोन, तर तिनंच तोडगा काढला, "माझी तुम्ही घ्या आप्पा, मी तुमची जुनी ॲटलस घेते." ॲटलस १९८६ची आहे, बावीस किलोच्या आत-बाहेर, गिअर एकही नाही, पण मागचं कॅरिअर मजबूत आहे. काल उतरवून तिला तेल घातलं. मी काही बोललो नाही. फ्लॅट रूट आहे म्हणून तिनंच तर सांगितलं होतं.